कडूबाईंची उंची

सभेत बोलू नये, असं आमच्या ह्यांनी मला लग्नानंतर लगेचच बजावलं होतं. हे पंचायत समितीत क्लार्क. सभेत सूचना मांडणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, ते त्यांनी टेबलापलीकडून पुष्कळदा पाहिलेलं. तरीही एकाहत्तर सालच्या श्रावणात, नेवासे महिला मंडळाच्या सभेत, चहा येण्याआधी मी बोलले. चहा वेळेवर आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मंडळाला वाचनालयासाठी जुन्या कोंडवाड्याची खोली मिळाली होती. चुना मारला, गुरांचा वास निम्मा गेला, निम्मा पुस्तकं आल्यावर जाईल असं ठरलं. खोलीला कडूबाईंचं नाव द्यायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. नावाखाली फोटो हवा, यावरही नव्हतं. पण फोटो कुणाकडेच निघेना. नगरचा फोटोवाला गावात यायचा तेव्हा कडूबाई त्याला उन्हातला माणूस म्हणून ताक द्यायच्या आणि आत निघून जायच्या. चित्र काढून घ्यावं असं कुणी म्हटलं, तर दुसरीनं सांगितलं की चित्रकार शेवटी कॅलेंडरवरची लक्ष्मीच काढतो, फक्त नाव बदलतो. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मग पुतळाच करावा, अगदी बाई होत्या तशाच.

सगळ्याजणी इतक्या प्रेमानं माझ्याकडे बघायला लागल्या की मला शंका आली. शंका खरी होती. चहा आला तोवर ‘जबाबदारी : पुष्पावहिनी’ असं लिहूनही झालं होतं.

कडूबाई कोण, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. लहानपणीच विधवा झालेली बाई. माहेरी भावाच्या मागे बसून अक्षरं शिकली आणि सासरी आल्यावर नदीकडच्या धर्मशाळेच्या ओवरीत दुपारी मुलींना आणि सुनांना शिकवायला लागली. गावातले पुरुष बरीच वर्षं समजत होते की तिथे विणकाम चालतं. मी चौथीतून शाळा सुटलेली, लग्न होऊन पंधराव्या वर्षी इथे आले. पाचवीपासून पुढचं मला बाईंनीच शिकवलं, म्हणजे वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून देत गेल्या. त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात ठाऊक आहे. शेवट दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीत गेला. बाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

भांडण उंचीवरून निघालं.

मंडळाच्या अध्यक्षा गोजरबाई. यजमान साखर कारखान्यावर संचालक, दारात जीप, बोलणं जीपसारखंच, मागे धूळ सोडणारं. त्या स्वतः बाईंच्या अगदी पहिल्या मुलींपैकी. त्यांनी सांगून टाकलं, "नऊ फुटाची पायजे. निदान. मोठी मानसं मोठीच दिसाय पायजेत."

मी म्हटलं, बाई चार फूट सात इंच होत्या.

सभेत एकदम गलका झाला. सगळ्याजणींना बाई उंच आठवत होत्या. कुणी म्हणे दारात उभी राहिली की दार भरायचं, कुणी म्हणे हात वर केला की ओवरीच्या आढ्याला लागायचा. मी सांगून पाहिलं, की त्या ओवरीच्या ठेंगण्या दारातून न वाकता जाणारी सबंध गावात ती एकच बाई होती. यावर झुंबरबाई म्हणाल्या, वाकत असतील, तुम्ही बघितलं नसेल. झुंबरबाई आमच्या शेजारीण, स्वभावानं गरीब, पण बहुमत दिसलं की त्यांना धीर येतो. थोडक्यात, बाईंची चार-साडेचार फूट उंची मी लाटल्याचा आळ माझ्यावर आला. घरात क्लार्क असला की असे आळ लवकर येतात.

मी एवढी का अडून बसले तेही सांगते. ओवरीतून घाटाच्या पायऱ्या उतरताना बाई माझा दंड धरायच्या, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या खांद्याशी यायचं. त्याच बाई एकदा आमच्या घरी आल्या. सासरे ओट्यावर उभे, आडदांड माणूस, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. बाईंनी मान पाठीला टेकेपर्यंत वर केली आणि सांगितलं, "उद्यापासून सून येईल. दुपारची भांडी तुम्ही विसळलीत तरी चालेल." नऊ फुटांच्या बाईनं हे सांगितलं असतं तर त्यात काय मोठंसं. नऊ फूट उंची असली तर मीसुद्धा कलेक्टरला सुनावीन. बाईंना ताणून मोठं केलं तर त्यांना केवढी मान वर करावी लागायची ते कुणाला कळणारच नाही, आणि मला तेच ठेवायचं होतं.

मूर्तिकार नगरहून आणला. मच्छिंद्र त्याचं नाव. मुंबईच्या कलाशाळेत वर्षभर शिकला, तिथल्या मास्तरांशी मतभेद झाले म्हणून परत आला, आणि मतभेदांवर पोट भरत नाही म्हणून कापडदुकानातल्या साड्या नेसवायच्या बाहुल्या करायचा. दाढी, खांद्याला शबनम. आल्याबरोबर त्यानं मंडळापुढे भाषण केलं. आपण हजारो वर्षं देव घडवले, आता माणूस घडवायला हवा. माणसाच्या कातडीतलं एकेक छिद्र, एकेक सुरकुती, तीच खरी कला. माणसाचं माप माणसानं वाढवू नये, कमीही करू नये. बायकांनी लक्ष देऊन ऐकलं. शेवटी झुंबरबाईंनी हळूच विचारलं, लुगडं तर असेल ना अंगावर? मच्छिंद्र म्हणाला, खरं लुगडं असेल. मग त्याचे विचार सगळ्यांना पटले.

फक्त गोजरबाईंना पटले नाहीत. मच्छिंद्रनं त्यांना समजावलं, की जिवंत वाटेल अशी मूर्ती मोठी केली तर भीती वाटते. नऊ फुटांच्या बाईच्या नाकपुडीत चिमणी घरटं करील.

"करंना का," गोजरबाई म्हणाल्या. "चिमनीचं काय एवढं."

शेवटी आधी मातीची मूर्ती होऊ द्यावी, मग बघू, असं ठरलं. ‘मग बघू’ म्हटलं की दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटतं. पण गोजरबाईंनी जाता जाता जीपमधून सांगितलं, की पडदा उघडेल त्या दिवशी मूर्ती मनासारखी नसेल तर मंडळ ती घेणार नाही. त्या दुसरीकडून नऊ फुटी आणतील.

काम आमच्या पडवीत सुरू झालं, कारण जबाबदारी माझी. आम्ही समितीच्या क्वार्टरमध्ये राहायचो, दोन खोल्या आणि पडवी. पडवीत शाडूचा ढीग, लाकडी सांगाडा, त्यावर काथ्या. हे सायकल आत घ्यायला जात आणि दारातच बिनडोक्याच्या बाईची क्षमा मागून मागे येत. गल्लीतल्या सगळ्याजणी येता-जाता सल्ला द्यायच्या. नाक जरा सरळ करा. हनुवटी एवढी पुढे नव्हती. रंग गोराच द्या, सावळा उन्हात भडक दिसतो. एका म्हातारीनं बजावलं, की मेलेल्या माणसाचं तोंड दक्षिणेला करू नये, आणि दुसरीनं सांगितलं की पूर्वेला तर मुळीच करू नये. पश्चिमेला आमची मोरी होती. बाई बरेच दिवस मोरीकडे बघत होत्या.

हात माझेच घ्यायचे ठरले. बाईंचे आणि माझे हात सारखे होते, राखेनं भांडी घासून घासून बोटांची पेरं रुंद झालेले. मच्छिंद्रनं घमेल्यात प्लॅस्टर कालवलं आणि माझे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत त्यात बुडवून, हलायचं नाही, असं सांगून तो चहा प्यायला गेला. कलावंत माणूस, चहाला गेला की विचारात पडतो. प्लॅस्टर आधी गार लागलं, मग कोमट, मग चांगलंच गरम, आणि मग ते दगड झालं. त्याच सुमारास दारात जीप थांबली. मला वाटलं गोजरबाई. निघाले ह्यांचे मोठे साहेब. क्वार्टरमध्ये विनापरवाना कारखाना चालतो असा कुणीतरी अर्ज केला होता, त्याची पाहणी.

आता साहेब पुढे उभे. डोक्यावरचा पदर घसरलेला, तो घ्यायला हात नाही. उठून उभी राहू पाहते तर मांडीवर घमेलं. साहेबांनी नमस्कार केला. नमस्काराला उत्तर न देणं आमच्या घराण्यात नाही, म्हणून मी घमेल्यासकट नमस्कार केला. साहेब दोन पावलं मागे सरले. हे त्यांच्या मागे उभे होते. वीस वर्षांच्या संसारात मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नाही. आजारी मुलाकडे बघतात तसे बघत होते, पण मूल शेजाऱ्याचं असावं.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"कला," हे म्हणाले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. नंतर मच्छिंद्रनं हातोडीनं घमेल्यातून मला सोडवलं. हातांना तेल लावायला तो विसरला होता, त्यामुळे मनगटावरची लव त्या साच्यात राहिली. तो म्हणाला, उलट बरं झालं, अस्सल उतरेल.

असं करत करत चेहरा आला. आणि खरं सांगते, एके दिवशी दुपारी मी भाकरी थापून बाहेर आले आणि पडवीत बाई उभ्या होत्या. माझ्या खांद्याएवढ्या. मी हातातलं पीठ पदराला पुसलं, कारण असं केलेलं त्यांना आवडायचं नाही, हे पुसून झाल्यावर आठवलं.

राहिले ते देवीचे व्रण. बाईंना लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर खळगे होते. गोजरबाईंचं म्हणणं, खळगे नकोत, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. मच्छिंद्र म्हणाला, खळगे नाहीत तर मी नाही. त्यानं माझ्या डब्यातून मूठभर ज्वारी घेतली आणि एकेक दाणा बाईंच्या ओल्या गालात दाबून बसवला. माती जरा घट्ट झाली की दाणे सुईनं काढायचे, खळगे तयार. मग डोळे आणायला तो नगरला गेला. जाताना मला सांगून गेला, की माती वाळू द्यायची नाही, फडकं ओलं ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. नगरला त्याला हवे तसे काचेचे डोळे मिळेनात, म्हणून मुक्काम वाढला. मी पाणी शिंपडत राहिले. सांगितलेलं काम मी फार मन लावून करते.

ओली माती, तीत दाणे, वरून फडकं, दोन वेळा पाणी. दरवर्षी घट बसवताना आम्ही बायका याहून वेगळं काय करतो? पण डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. एका सकाळी फडकं उचललं तर बाईंच्या दोन्ही गालांवर पोपटी, लुसलुशीत, बोटभर उंचीची ज्वारी उगवली होती.

आधी मला दाढी वाटली. झुंबरबाई तेवढ्यात विरजण मागायला आल्या. त्यांनी पाहिलं, वाटी खाली ठेवली, हात जोडले आणि विरजण न घेताच माघारी गेल्या. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. नवरात्राला अजून आठवडा होता आणि आमच्या पडवीत घट आधीच बसले होते, तेही एका बाईच्या गालांवर.

दुपारपर्यंत गल्ली भरली. हळदीकुंकू आलं, हार आले, नारळ आले. आमच्याच उंबऱ्यावर नारळ फुटू लागले. आमचं गाव साधं नाही. संतांच्या पाठीला आधार झालेला दगडी खांब आम्ही इतकी शतकं पुजत आलोय. तिथे गालावर पीक उगवलेली बाई सुटणार कशी? बायका ओटी भरायला रांगेत उभ्या, आणि मी दारात उभी राहून सांगतेय, की अहो, मी पाणी घातलं होतं. त्या म्हणत, तुमच्या हातून घालून घेतलं, भाग्यवान आहात. हे कचेरीतून आले तेव्हा त्यांना चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या. त्यांनी काढल्या आणि त्या चोरीला गेल्या. देवस्थान असल्याचा याहून भक्कम पुरावा कुणी मागू नये.

कचेरीनं मात्र मागितला. दोन दिवसांत नोटीस आली, की शासकीय निवासस्थानात देवस्थान कोणाच्या परवानगीनं स्थापन केलं. ह्यांनी उत्तर दिलं, देव नाही, पुतळा आहे. त्यावर विचारणा आली, की पुतळा असल्यास जिल्ह्याहून मंजुरी घेतली काय. ह्यांनी कळवलं, पुतळाही अद्याप नाही, माती आहे. माती म्हटल्यावर कागद महसूलकडे गेला आणि तलाठी येऊन पेरा किती आहे ते बघून गेला. गालाएवढा, असं मी सांगितलं. हे रात्री जेवताना एवढंच म्हणाले, की सभेत बोलू नये.

आणि मग गोजरबाई आल्या. हातात चांदीचं ताट, त्यात हिरवा खण. इतक्या खुशीत मी त्यांना निवडणुकीनंतरच पाहिलं होतं. आता कोंडवाड्यात वाचनालय नको, देऊळच करू. बाई साक्षात प्रगटल्या, आता नऊ फुटाला नाही म्हणणारी कोण ते त्यांना बघायचंच होतं. मी विचारलं, पुस्तकांचं काय करायचं? त्या म्हणाल्या, देवीच्या मागे ठेवू, कुणाला दिसणार नाहीत.

त्याच दुपारी मच्छिंद्र उतरला. आगपेटीत कापूस, कापसात डोळे. पडवीत डोकावला आणि ओट्याच्या पायरीवर बसला तो बसलाच. बायकांनी त्याला आत येऊ दिलं नाही, नगरला अंडं खाल्लं असशील म्हणाल्या. खाल्लं होतं. तो मला हळूच म्हणाला, "वहिनी, मुळं आत गेलीत. गाल तडकायला लागलेत. आणखी दोन दिवस हे राहिलं तर चेहरा उरणार नाही." मग म्हणाला, "मी बाई केली होती हो. एवढं मरमर करून साधी बाई केली होती."

मला त्याच्या दाढीची पहिल्यांदाच दया आली. पण उपटायचं कसं? देवीच्या अंगावरचं पीक उपटणारीचं गावात काय झालं असतं, ते मला वाचायला मिळालेल्या पुडीत नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत मनकर्णाबाई आल्या. कडूबाईंच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, वय इतकं की गावात कुणी विचारत नाही. देवी झाली म्हणून कळलं, तर दर्शनाला आलेल्या. बायकांनी वाट दिली. गोजरबाई ताट घेऊन समोरच उभ्या. मनकर्णाबाईंनी डोळे बारीक करून मूर्ती न्याहाळली. सगळ्या वाट बघत होत्या, की म्हातारी आता लोटांगण घालणार.

"ही कडी व्हय?" म्हातारी म्हणाली. "हिनं माझा पाटा नेल्ता. चटनी वाटून लगीच देती म्हनली. आजून आला न्हाई."

मग मागून एकीचा आवाज आला, की बाई चिमटा मात्र फार काढायच्या, दंडाच्या आतल्या बाजूला, दिसू नये म्हणून. दुसरी म्हणाली, मला तर पट्टीनं मारायच्या आणि घरी जाताना गूळ द्यायच्या, म्हणून आई मारलेलं खरं मानायची नाही. तिसरीला आठवलं, की पाढे म्हणायला लावून बाई खांबाला टेकून झोपायच्या, आणि कुणी चुकलं की डोळे न उघडता चूक सांगायच्या. आमच्या जप्त केलेल्या चिंचा त्या स्वतःच खायच्या, हे मी सांगितलं. मिश्रीची डबी पुस्तकात लपवायच्या, हे झुंबरबाईंनी सांगितलं. झुंबरबाईंना पुन्हा बहुमत दिसलं होतं.

मनकर्णाबाई आता गोजरबाईंकडे वळल्या. "आन् गोजरे, तुला ळ काढता येत न्हवता. रोज कान धरून हुबी. तुझी आय मला इचारायची, पोरीचा कान लाल कशानं गं."

गोजरबाईंचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. मग पडवीत असं हसू उसळलं की समईची वात हलली. दंडाला चिमटा काढणाऱ्या, उसना पाटा न देणाऱ्या बाईची ओटी कशी भरायची? एकीनं नारळ गुपचूप पिशवीत टाकला. गोजरबाई ताटासकट जीपमध्ये जाऊन बसल्या. जाताना पुन्हा बजावून गेल्या, देवी नाही तर नाही, पण नऊ फूट म्हणजे नऊ फूट, नाहीतर मूर्ती परत.

खुरपणीत हात बसलेल्या त्या बायका. मच्छिंद्रला त्यांनी हात लावू दिला नाही, स्वतःच बसल्या आणि एकेक कोंब मुळापासून असा उचलला की माती हलली नाही. कोंब झुंबरबाईंच्या शेळीनं खाल्ले. मागे खळगे राहिले, लहानमोठे, वेडेवाकडे, खऱ्या व्रणांसारखे. मच्छिंद्र बराच वेळ नुसता बघत राहिला.

मी मात्र त्याला बघत बसू दिलं नाही. त्याच संध्याकाळी साचा काढायला लावला, आहे त्याच मापाचा, प्लॅस्टरची मूर्ती त्यातच ओतायची होती. एकदा साचा निघाला की नऊ फुटांची गोष्ट करायला जागा उरत नाही. गोजरबाईंनी निरोप पाठवून विचारलं, मूर्ती कशी होतेय, तर मी कळवलं, छान होतेय. यात खोटं काही नाही.

पुढचं काम सगळ्या गल्लीनं केलं. केसांसाठी पिकल्या डोक्याच्या बायकांनी विंचरलेली गुंतवळं आणून दिली. एरवी ती देऊन त्या फेरीवालीकडून सुया-दोरे घ्यायच्या. लुगडं बाईंचंच, त्यांच्या भाचीकडून. डोळ्यांची तेवढी अडचण होती. माणसाचे डोळे नगरला मिळाले नव्हते, एका शिकाऱ्याकडचे पेंढा भरायच्या बिबट्याचे मिळाले. मच्छिंद्रनं ते मागून रंगवले. बसवल्यावर सगळ्याजणी म्हणाल्या, की हुबेहूब तीच नजर.

उद्घाटन दिवाळीनंतर ठेवलं. चौथऱ्याला बांधकामाची मंजुरी हवी होती, ती आली नाही, म्हणून मूर्ती फरशीवरच उभी केली. पडदा गोजरबाईंच्या माणसांनी येऊन बांधला, नऊ फुटांवर. पाहुण्यांचा निरोप आला, दौऱ्यामुळे जमत नाही. ज्यांच्याकडे खुर्च्या सांगितल्या होत्या त्यांनी त्या सकाळी कारखान्याच्या सभेला पाठवून दिल्या. कोंडवाड्यात सतरंज्या अंथरल्या. पुरुष मंडळी खुर्च्या नाहीत असं बघून दारातूनच शुभेच्छा देऊन गेली. आमचे हे थांबले, पण खिडकीच्या बाहेर.

पाहुणे नाहीत म्हणून दोरी गोजरबाईंनीच ओढली. पडदा खाली आला आणि सगळ्यांनी, मूर्ती आधी पाहिलेल्या गल्लीतल्या बायकांनीसुद्धा, टाळ्यांसाठी हात उचलून वर पाहिलं, जिथे चेहरा असायला हवा होता तिथे. तिथे भिंत होती आणि एक पाल होती. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली आल्या.

"एवढीशी?" कुणीतरी म्हणालं.

एका हातात पाटीवरची पेन्सिल, दुसरा हात कमरेवर, बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला. पायांत काही नाही. गोजरबाई शेजारी उभ्या, तर बाई त्यांच्या खांद्याच्याही खाली. टाळ्यांचे हात तसेच राहिले. मी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिले, कारण बाईंच्या बाजूनं उभं राहायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. मच्छिंद्र माझ्या मागे होता. उपयोग नाही, पण होता.

गोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आजवर त्या मला वहिनी म्हणायच्या.

"पुष्पे, ही कोन हाय?"

"कडूबाई."

"हिला गाडीत घाला आन्..." एवढं म्हणून त्या थांबल्या, कारण त्यांचे गुडघे. गोजरबाई गेली कित्येक वर्षं खुर्चीशिवाय कुठे टेकल्या नव्हत्या, आणि उभं राहून रागावणं त्यांना झेपत नसे. "आधी मला बसू द्या," त्या म्हणाल्या. दोघीजणींनी दोन्हीकडून धरून त्यांना सतरंजीवर उतरवलं. अध्यक्षा बसल्या म्हणून मग सगळ्याच बसल्या. लुगड्यांची सळसळ झाली आणि थांबली. गोजरबाईंनी दम खाल्ला, हुकूम सोडायला मान वर केली, आणि तोंड उघडं राहिलं.

मीही तोवर खाली बसले होते. वर पाहिलं, तर बाई वरून आमच्याकडे बघत होत्या. हनुवटी गळ्याशी, डोळे सरळ आमच्या मांड्यांवर, जणू तिथे वह्या आहेत आणि आता चूक सापडणार. मागच्या भिंतीवर त्यांची सावली आढ्यापर्यंत गेली होती. माझ्या शेजारच्या झुंबरबाईंनी तोंडातली सुपारी गालात सरकवली आणि चघळणं थांबवलं.

गोजरबाईंनी पसरलेले पाय हळूच आत घेतले. मांडी घातली. गुडघा कुरकुरला असणार, पण त्यांनी तोंडावर दाखवलं नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. बराच वेळ त्या तशाच मान वर करून बसल्या. मग झुंबरबाईंकडे जराशा झुकून, वर्गात बोलतात तसं, ओठ न हलवता म्हणाल्या, "नऊ म्हनले हुते न्हवं मी? नऊच्या वर भरंल."

मच्छिंद्रला राहवेना. अचूक माणूस, त्याची कला अचूक. शबनममधून टेप काढून तो खरं माप सांगायला उठायला लागला. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याला खाली बसवलं.